माकड अजून जिवंत हाय

नाय मॅडम, एकच. एकच हार घालनार मी. हा दुसरा घ्या, तुमच्या पर्समदे ठेवा — घरी कधी कुनाच्या फोटोला लागला तर — नाय, सॉरी सॉरी, तसं नको बोलायला, तोंडातनं गेलं. पन माकडाला हार नाय घालनार मी. दिसतंय मला, दिसतंय, चंदनाचा हाय, बाहुलीच्या मापाचा हाय, तुमी वाशीचं मार्केट पालथं घालून दोन सारखे शोधून आनलेत — मस्तच हायत. वाघाला घातला बघा, काय शोभतोय! तो मेला, त्याला घातला. माकड जिवंत हाय. जिवंत मानसाला आपन हार घालतो, घालतो ना, सत्काराला घालतो, लग्नात घालतो, ते येगळं — पन फोटोला चंदनाचा? तुमच्यात घालतात का? नाय ना? मंग! तुमच्या मिस्टरांचा फोटो हाय ना हॉलमदे? त्याला घाला हा घरी जाऊन, नि संध्याकाळी ते ऑफिसवरनं आल्यावर बघा काय बोलतात. हसू नका, मी जोक नाय मारत.

बसा. त्या स्टुलावर बसा, झेरॉक्स मशीनला टेकू नका, तापलीय ती. वाघाचे पाय सुकेपर्यंत तुमाला थांबायलाच लागंल, आत्ता उचललात तर रिक्षात लंगडा होईल. तुमी मला काय पाठवलं होतं सांगा. तुमच्या मनस्वीच्या टीचरनं दिलंय — एक प्रानी जो संपला, एक प्रानी जो संपत आलाय, दोघांचं मॉडेल करा, दोघांची तुलना करा. तुलना म्हंजे काय? फरक दाखवायचा, बरोबर? आनि आज तुमी येता नि सांगता, सोनलताई, दोघांना सेम करा. दोघांना काळी चौकट, दोघांना हार, पुढं दोन छोट्या पनत्या, वरती सोनेरी अक्षरात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ — परीक्षकांच्या डोळ्यात पानीच येईल म्हनता. येईल की! पानी यायला काय लागतं? पन तुलना कुठं गेली? जो गेला नि जो जातोय — दोघं एकच का? एकच? तुमी शिकलेल्या, तुमी सांगा. — हां, ‘इफेक्ट’. इफेक्टसाठी. इफेक्टसाठी जिवंत मारायचा.

बघा मॅडम, मला प्रान्यांचं काय घेनंदेनं नाय. मी बी.कॉम. हाय, मांजर पन नाय पाळली कधी. ह्या सानपाड्यात दुकान टाकलं तवापासनं अर्ध्या सेक्टरच्या पोरांचे प्रोजेक्ट माज्या हातचे. पोरं शाळेत सांगतात मी केलं, आया सांगतात आमी नुसती मदत केली, आनि टीचर लांबनंच बघून ओळखते की हा सोनलचा गवताचा रंग हाय — सगळ्यांना सगळं माहीत, कोन काय बोलत नाय, माजं घर चालतं. ज्वालामुखी तर मी झोपेत बनवीन. चांद्रयान झालं, किडनी झाली, रायगड झाला — रायगड तर प्रत्येक दिवाळीत. कुठल्या आईशी मी कधी वाद नाय घातला. लाव्हा निळा पायजे? घ्या निळा. रायगडावर सोलर पॅनेल पायजे? घ्या. ते पन केलंय, खोटं नाय सांगत, सेक्टर पाचमदल्या एकीला करून दिलंय. पन आज नाय. आज मी ऐकनार नाय म्हंजे नाय.

आनि ह्या दोघांवर मेहनत किती घेतलीय माहितीय? सुरवातीला मी पन माती खाल्लीच. ‘टास्मानियन वाघ’ वाचलं, मला वाटलं वाघ म्हंजे वाघ — मांजराचं तोंड केलं, मिश्या लावल्या, पिवळा रंग मारला. तुमी बघितलंत तवा कपाळाला हात लावलात, आठवतं? तुमीच बोललात, ताई, हा वाघ नाय, कुत्रा पन नाय, ह्याला पोटाला पिशवी असते, कांगारूच्या जातीतला. मंग परत मोडला. मंग मी पिशवी केली कांगारूवानी, तोंड पुढं — नंतर कळलं ह्याच्या पिशवीचं तोंड मागच्या बाजूला. परत मोडला. माकडाचं पन तसंच, आपल्या पारसिकच्या डोंगरावर असतात तसं लाल तोंड रंगवलं, आनि हा सगळा काळा, नुसती गालाभोवती ती आयाळ राखाडी, शेपटीला सिंहावानी गोंडा. सिंहपुच्छ बोलतात ना त्याला? पट्ट्यांसाठी तर मी तो व्हिडिओ लावला, त्या शेवटच्या वाघाचा. काळा-पांढरा, जुना, आवाज नाय काय नाय. पिंजऱ्यात असा जातो, वळतो, परत येतो, जाळीला नाक लावतो, बसतो — आनि मंग जांभई देतो. एवढं तोंड उघडतं त्याचं, एवढं! पट्टे पाठीवर कुठनं सुरू होतात ते बघायला लावला होता मी, आनि नुसती बघत बसले, परत लावला, परत बघितला. गॅसवर भात होता, करपला. ईश्वरी माजी, पोरगी, बोलली, आई वास येतोय.

तवाच माजं डोकं फिरलं. नंतर मी वाचत बसले ना त्याच्याबद्दल. हा वाघ मेंढरं खातो म्हनून तिथल्या सरकारनं त्याच्यावर इनाम लावलेलं. मारा नि घेऊन या. मारला, मारला, मारला. कमी झाले — तरी कोन काय बोललं नाय. शेवटी कायदा केला, वाचवा म्हनून. कवा केला? जवा पिंजऱ्यात हा एकटा उरला होता तवा! कायदा झाला नि दोन महिन्यांत हा पन गेला. कसा गेला? थंडीची रात्र, आतल्या खोलीचं दार बंद, हा बाहेर — असं बोलतात, मी काय बघायला नव्हते. जिवंत होता तवा दार उघडायला मानूस नव्हता. आनि आता? आता त्याच्या नावाचे झेंडे! आता जंगलात कॅमेरे लावून बसतात, दिसला का, दिसला का, कुनाला तरी झुडपात शेपटी दिसली की पेपरात बातमी. आता लॅबमदे परत जन्माला घालनार म्हनतात, शास्त्रज्ञ लागलेत कामाला. घाला, घाला जन्माला. आनि हे माकड? हे तिकडं कर्नाटकात, केरळात आत्ता ह्या घडीला झाडावर बसलंय, पोराला पोटाशी धरून. त्याचं जंगल मदेच तोडलं, चहा लावला, मदनं रस्ता नेला. त्याला खाली उतरायची सवयच नाय, ह्या झाडावरनं त्या झाडावर जायचं, आनि आता मदे झाडच नाय, मंग उतरतं बिचारं, नि गाडीखाली येतं. त्याला काय लागतं? दोरी! दोन झाडांच्या मदे बांधायला एक पूल. बांधलेत म्हनतात काही ठिकानी, फायर ब्रिगेडचे जुने पायप घेऊन. पायप! फेकून दिलेले पायप! तेवढ्यानं ते वाचतं. आनि जो मेला त्याच्यासाठी लॅब. तळपायाची आग मस्तकात जाते माज्या.

म्हनून मी पूल केला हा. ही ईश्वरीच्या शूजची नाडी हाय, फेविकॉल लावून कडक केलीय, हिरवा रंग मारलाय. आनि तुमी पहिली गोष्ट काय बोललात आज आल्या-आल्या — ही दोरी काढा, हाराला जागा नाय. दोरी काढा! — नाय, तुमाला सुचलं नसंल, मान्य. मी तुमाला शिव्या देत नाय. आवाज माजा असाच हाय, आमच्या दिवाळे गावच्या बायका बंदरावर मासळी विकतात, मोठ्यानंच बोलतात, आमच्यात हळू बोललं की लोकांना वाटतं आजारी हाय.

काय? — परत बोला. — ‘तो पन गेल्यात जमाच ना, ताई.’

नाय, बरोबर ऐकलं मी. गेल्यात जमा. थोडेच उरलेत, दहा-वीस वर्षांत जातीलच, मंग आत्ता हार घातला काय नि नंतर घातला काय. असंच ना? तुमी सहज बोललात. सगळे सहजच बोलतात. माजा बापूस पन सहज बोलला, खुर्चीवर बसून, चहाचा कप हातात — ‘केतन गेल्यात जमा हाय, त्याच्यामागं आता कोन लागू नका.’ केतन म्हंजे माजा भाऊ. धाकटा. बेलापूरला हॉस्पिटलात हाय तो, इथनं किती लांब? तीन-चार स्टेशनं. गेल्यात जमा! काल संध्याकाळी त्यानं इडली खाल्ली, नर्सला बोलला चटनी पातळ हाय. मेलेला मानूस चटनी पातळ हाय म्हनतो का?

दारू. हां, दारूनंच. तुमी विचारायच्या आधीच सांगते, लोकांना तेच ऐकायचं असतं, कशानं झालं, आनि दारू म्हटलं की चेहरे लगेच मोकळे होतात — मंग काय, स्वतःच्या करनीनं! लिव्हर गेलं त्याचं. आता आठ महिने झाले, थेंब नाय घेतला, डोळे पिवळे, पोट फुगलेलं, पन थेंब नाय. कोन बोलतं का शाब्बास? आमच्या घरात दोन भाऊ, मी मदली. मोठा मिथुन, माजा दादूस. तो गेला, बारा वर्षं होतील. पाम बीच रोडवर, बाइकवर. क्रिकेट खेळायचा, टेनिस बॉल, पूर्न पट्ट्यात नाव होतं त्याचं, करंजा-उरनपर्यंत टीमा बोलवायच्या त्याला. आता गावात दर वर्षी ‘मिथुन स्मृती चषक’. बघितलं असंल तुमी यूट्यूबवर, लाइव्ह असतं, डीजे असतो, नगरसेवक येतात, फटाके. माजा बापूस नामा कोळी पांढरा कडक शर्ट घालून स्टेजवर, डोळे पुसतो. आनि मॅन ऑफ द सिरीजला काय देतात? बाइक. विचार करा. बाइकवर गेला पोरगा नि त्याच्या नावानं बाइक देतात. मी बोलले होते पहिल्या वर्षी, बोलले, सायकल द्या, टीव्ही द्या, काय पन द्या — तर बोलले, बाइकशिवाय टीमा येत नायत.

आनि सांगू? दादूस जिवंत होता तवा ह्याच बापसानं त्याची बॅट चुलीत घातली होती. मी समोर होते. खाडीवर यायला नको, होडी धुवायला नको, नुसता धोंडे मारत फिरतो — असं म्हनून घातली बॅट, नि त्याच्यावर मच्छी शिजली. दादूस तवा जेवला नाय. आता स्टेजवर बोलतो, ‘माझा मिथुन लहानपणापासून खेळाडू, मी त्याला कधी अडवलं नाही.’ शुद्ध बोलतो माइकवर, लहानपणापासून! माइक हिसकावून घ्यावा वाटतो मला.

केतन तवा कोवळा होता. दादूस गेल्यावर तो होडीवर जायला लागला, शाळा सोडली. घरी येनारे सगळे दादूसबद्दल बोलायचे. आनि एक दिवस बापूस त्याच्यासमोर बोलला, ‘सोन्यासारखा होता तो गेला, नि राहिला हा.’ असं. समोर. तो वाढत होता जेवायला, केतन, बापसाच्याच ताटात वाढत होता. त्याच्यानंतर दारू लागली त्याला, आधी नव्हती. — मी काय दारूची बाजू घेत नाय. मी त्याला किती मारलंय ह्या हातानं, विचारा त्याला, गटाराशेजारनं उचलून आनलाय मी त्याला दोनदा नि दोन्ही वेळा आधी थोबाडीत दिलीय, मंग उचललाय. पन मारतो कुनाला आपन? जिवंतालाच ना?

आता ऐका, काल काय झालं. काल दुपारी, ह्याच टायमाला, भैरू आला दुकानात. भैरू म्हंजे माजा चुलतभाऊ, चषकाच्या कमिटीचा अध्यक्ष, गळ्यात चेन, दोन मोबाइल. पेनड्राइव्ह टाकला समोर. ‘सोनल, हँडबिलं काढून दे, जानेवारीत स्पर्धा हाय, ह्या वर्षी मोठी घेतोय.’ दर वर्षी मीच काढून देते. उघडली फाइल. वरती लिहिलंय — ‘मिथुन-केतन स्मृती चषक.’ दोन गोल, दोन फोटो. एकात दादूस बॅट घेऊन. दुसऱ्यात केतन. केतनचा फोटो तर माज्या ईश्वरीच्या बड्डेचा, केक खाताना, बाजूची मी कापून टाकलीय, माजा खांदा तेवढा राहिलाय. आनि दोघांच्या फोटोला हार. कॉम्प्युटरवर लावलेले, सेम टू सेम, चंदनाचे.

मी बोलले, भैरू, हे काय. तर तो काय लाजला नाय, घाबरला नाय. समजावतो मला! बोलला, ‘अगं, डॉक्टर बोललेत ना दिवाळी निघनार नाय म्हनून, निघाली, पन किती निघनार? स्पर्धा जानेवारीत. ट्रॉफ्यांवर नावं आत्ता कोरायला द्यायला लागतात, मंग ऐन टायमाला कोन परत करत बसनार? काकांना विचारलंय मी. काका बोलले चालंल.’ काका म्हंजे माजा बापूस. चालंल. कोन चालंल, काय चालंल? पोरगा इडली खातोय नि बापूस ट्रॉफीवर नाव घालायला हो म्हनतो! आनि वरनं भैरू बोलतो, ‘त्याला पन बरंच वाटंल, मिथुनच्या बरोबरीनं नाव आलं म्हनून.’ — बरं वाटंल! आनि त्याहून भयानक काय सांगू, मला वाटतं खरंच बरं वाटंल त्याला. जन्मभर त्याला ह्याच घरात दादूसच्या बाजूला जागा पायजे होती. मिळाली. मेल्यावरची मिळाली.

पेनड्राइव्ह मी दिला नाय परत. हा बघा, गल्ल्यात हाय. भैरूला हाकलला, छत्रीच्या दांड्यानं हाकलला. आनि त्याच्यावर आज तुमी आलात, पर्स उघडलीत नि दोन हार काढलेत, दोन सारखे. आता कळलं का मी का पेटले? तुमची काय चूक नाय. तुमचा टाइम चुकला.

नाय, हाय ना उपाय. हाय! तेच तर बोलतेय मी मगापासनं. हे माकडासारखंच, ह्याला पन लॅब नाय लागत. डॉक्टर सरळ बोलले, घरातल्या कुनीतरी लिव्हरचा तुकडा दिला तर वाचनार हा. तुकडा परत वाढतो म्हनतात, देनाऱ्याचा पन वाढतो, घेनाऱ्याचा पन वाढतो. बापसाला शुगर, वय पन झालं, तो बाद. आय तर आमची कधीच गेली. चुलतभाऊ पाच हायत, पाचही जन डोंगरावानी — एक पन टेस्टला आला नाय. एकाचा मच्छीचा सीझन हाय, एकाची बायको नाय म्हनते, भैरूला ग्राउंड सपाट करून घ्यायचंय, रोलर फिरवायचाय. मेलेल्यांच्या नावानं खांद्यावर रोलर ओढतील, जिवंतासाठी दंडातनं दोन थेंब रक्त नाय काढनार. हितेश, माजा नवरा, तो बोलतो त्या बेवड्यासाठी तू पोट फाडून घेनार का, आपल्या पोरीचं काय. सासूबाई तर देवासमोर बसल्यात, बाहेरच येत नायत. सगळ्यांचं ठरलंय मनातनं. सगळे नुसती वाट बघतायत. आनि एवढं सगळं, एवढं सगळं, जवा की माजं जुळतं —

म्हंजे जुळंल. जुळू शकतं. भाऊ-बहीन म्हटल्यावर —

काय बघता? — नाय, तेच बोलले मी, जुळंल म्हटलं. टेस्ट दिलीय, येईल रिपोट. येईल तवा येईल. तुमी वाघाचे पाय बघा सुकले का. बोट लावून बघा, हळू.

...

आला रिपोट. सोमवारी आला. घ्या. तुमाला काय करायचंय ऐकून, पन घ्या. मोबाइलवर आला, मी इथंच होते, माकडाची आयाळ लावत होते, राखाडी लोकर एक-एक. उघडला, वाचला. मॅच हाय, सगळं बरोबर हाय, डॉक्टरनं फोन पन केला, बोलले या लवकर, मिस्टरांना घेऊन या, हॉस्पिटलच्या कमिटीसमोर दोघांना बोलायला लागतं. मी बोलले येते. नि फोन ठेवून परत लोकर लावत बसले. कुनाला सांगितलं नाय. हितेशला नाय, बापसाला नाय. केतनला पन नाय. तो रोज विचारतो, ताय, आला का गं, नि मी बोलते, लॅबवाले लेट करतात. लॅबवाले! सोमवार, मंगळवार, काल, आज. तुमचं माकड एवढं चांगलं का झालंय कळलं ना आता? चार दिवस दुसरं काय केलंच नाय मी. एक-एक केस लावलाय त्याला. पूल केला, पाला केला, पोटाशी पिल्लू तर तुमी सांगितलं पन नव्हतं. एक मातीचं माकड वाचवत बसले मी इथं, पंखा बंद करून, लोकर उडते म्हनून.

भीती वाटते मला. हां, वाटते! स्पष्ट बोलते. इथनं इथपर्यंत कापतात. ईश्वरी दहावीला हाय. मला काय झालं तर हितेश वर्षात दुसरी आनंल, आनू दे, पन तिचं काय? आनि तो सुटला परत नि प्यायला तर? माजा तुकडा घेऊन प्यायला तर? येतं ना हे मनात. तुमच्या आलं नसतं? तुमी दिला असता, मॅडम, तुमच्या भावाला? खरं सांगा. पटकन सांगा, विचार नका करू — बघा. केलातच ना विचार.

भैरूला मी काल छत्रीनं मारला. त्याला मारताना गल्ल्यावर माजा मोबाइल होता, त्यात रिपोट होता. भैरूनं हार घातला नि मी शिव्या दिल्या, नि मी काय करते? मी पन वाटच बघते की. माज्या मनात पन आलं होतं काल — आज सांगते तुमाला, कुनाला सांगितलं नाय — फाइल बघून आधी राग नाय आला मला. आधी एक क्षन असं वाटलं की सुटले. आता मला जायला नको. राग नंतर आला. म्हनून तर एवढा आला. भैरूच्या पाठीत छत्री घातली ती स्वतःलाच घातली मी.

उठा मॅडम. नाय, तुमच्यावर नाय रागावले — रागावले, पन तुमच्यावर नाय. घ्या, हा खोका, वाघ आडवा ठेवलाय, माकड सरळच ठेवा, पिल्लू सुटंल. पुलाला हात लावायचा नाय. आनि चौकट मी एकालाच लावलीय, नंबर येईल नाय येईल, मला माहीत नाय, मनस्वीला सांगा परीक्षकांनी विचारलं तर बोल, मी एकच हार घातला कारन एकच मेला. तेवढं बोलली तरी पुष्कळ हाय. नाय, आत्ता नाय, हिशोब नंतर बघू. मला एक फोन करायचाय, नि तो तुमच्यासमोर नाय करनार मी. निघा. शटर अर्धं खाली घेते, वाकून जा, खोका सांभाळून.

हॅलो? केत्या? झोपला होतास? ... जेवलास काय? ... मंग सांग ना त्यांना, दुसरं काय तरी द्या म्हनून, तोंड नाय का तुला. ... ऐक. ऐक ना, बोलू दे मला. रिपोट आलाय. ... हां. ... हां, जुळतंय. ... अरे रडतोस काय, येड्या, मी देनार हाय, तू कशाला रडतोस. हितेशला मी बघते, कानाला धरून आनते त्याला तिथं, तू नको टेन्शन घेऊ. आनि परत बाटलीला हात लावलास ना, तर तो तुकडा मी स्वतः काढून घेईन, सांगून ठेवते. ... काय? — मॅडम! तुमी अजून इथंच? कितीदा सांगायचं, निघा म्हटलं ना!

... नाय रे. नाय, तुला नाय बोलले. तू कुठं निघतोस? तू थांब. मी येते.